फेरफार कुठाय? : आठवी 'ब'मधल्या एका फलकाचं प्रकरण

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, आमच्या शाळेच्या दर्शनी फलकावर आठवी 'ब'च्या एका मुलीनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'हॉकी हा आपल्या भारत देशाचा राष्ट्रीय खेळ आहे. मेजर ध्यानचंद यांना विनम्र अभिवादन.' खाली रंगीत खडूनं स्टिक आणि चेंडू. मधल्या सुट्टीत तिच्याच वर्गातला एक मुलगा ग्रंथालयात आला.

"सर, फलकावर चुकीचं लिहिलंय. हॉकी राष्ट्रीय खेळ नाहीच्चे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मोबाईलवर बघितलं."

"कशात?"

"एका रीलमध्ये."

मुलाचं म्हणणं बरोबर होतं. भारत सरकारनं कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. पण त्याचं कारण त्या मुलीच्या कारणाहून काडीनंही सरस नव्हतं. तिनं गाईड वाचलं, त्यानं रील पाहिलं. उद्या दुसरं रील उलट बोललं असतं तर हा त्याचाही झाला असता. मग मी त्याला शाबासकी दिली नाही आणि फलकही पुसला नाही. पुढचे सहा आठवडे ग्रंथालयाच्या तासिका या एका वाक्यावर गेल्या.

आधी आमची परिस्थिती सांगतो. मी मराठी शिकवतो आणि ग्रंथालयही माझ्याकडेच आहे. पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. दोन कपाटं, त्यातल्या एकाचं कुलूप बिघडलेलं. विश्वकोशाचे काही खंड, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा, शिष्यवृत्तीची गाईडं. संगणक कक्षात चालू स्थितीतले तीन संगणक, आणि इंटरनेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. 'माहिती साक्षरता' हा शब्द आमच्या वेळापत्रकात कुठे नाही. तिथे लिहिलंय 'ग्रंथालय', आणि बहुतेक वेळा तो तास गणिताचे सर मागून घेतात.

आधीची चूकही सांगायला हवी. हाच विषय मी गेल्या वर्षी दुसऱ्या तुकडीत घेतला होता आणि तो साफ फसला. मी वर्गात गेलो, 'हॉकी राष्ट्रीय खेळ नाही' असं नाट्यमय आवाजात सांगितलं, मुलं 'ऑ?' करून आश्चर्यचकित झाली, मला बरं वाटलं. दोन आठवड्यांनी त्यातल्याच मुलांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात 'युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं' हा जुनापुराणा मेसेज झेंड्याच्या चित्रांसह पाठवला. पंधरा वर्षांहून जास्त काळ फिरतोय तो, आणि युनेस्कोनं असलं काही कधीच ठरवलेलं नाही. तेव्हा कळलं, मी मुलांना फक्त एक नवीन उत्तर दिलं होतं. आधी ती गाईडवर विसंबत होती, त्या दिवसापुरती माझ्यावर विसंबली.

म्हणून 'ब'मध्ये मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. पहिल्या तासाला फलकावरचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि एवढंच म्हणालो, "पुढच्या आठवड्यात पुरावा आणा. हो असेल तर होचा, नाही असेल तर नाहीचा."

पुरावे आले अकरा. सामान्यज्ञानाची दोन गाईडं. मोठ्या बहिणीची पाचवीची वही. एका पतपेढीची दिनदर्शिका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मामाच्या नोट्स. गूगलवर शोधून काढलेली तीन संकेतस्थळं, त्यांतली दोन शब्दशः सारखी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. एकीच्या आजोबांचं तोंडी निवेदन. एका भाषणाच्या पुस्तकाचं पान. आणि आमच्याच शाळेच्या स्मरणिकेतला एक लेख. अकराच्या अकरा 'हो'च्या बाजूचे. रीलवाला मुलगा एकटा पडला, त्याला ते रील पुन्हा सापडेना.

वर्गानं लगेच मतमोजणी केली. अकरा विरुद्ध शून्य. "सर, झालं की सिद्ध."

इथे बोलायची फार इच्छा झाली. न बोलता फळ्यावर अकरा चौकोन काढले आणि म्हणालो, "यातल्या प्रत्येकाला हे कुठून कळलं ते शोधू. बाण काढायचा." मामाच्या नोट्सचा बाण गाईडकडे गेला. वहीचा बाण बाईंकडे, बाईंचा (मी स्टाफरूममध्ये विचारून आलो) पुन्हा गाईडकडे. एका संकेतस्थळाचा दुसऱ्याकडे, की दुसऱ्याचा पहिल्याकडे, हे ठरेना, म्हणून दोन्ही बाजूंनी टोकं असलेला बाण. आजोबा म्हणाले होते, 'शाळेत शिकलो.' गाईडाच्या मागे काहीच नाही, प्रकाशकाचं नाव आणि किंमत. स्मरणिकेतला लेख कुणी लिहिला तर आमच्याच सेवानिवृत्त सरांनी, त्यांना फोन केला, ते हसून म्हणाले, "अहो, हे काय शोधायचं असतं का?"

फळ्यावर कोळ्याचं जाळं तयार झालं. आत फिरणारे बाण पुष्कळ, बाहेर जाणारा एकही नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला. एरवी तो ग्रंथालयाच्या तासाला झोपतो. घरी शेती, बांधावरून चुलत्याशी वाद चाललेला, वडिलांबरोबर तलाठी कार्यालयात खेपा घातलेल्या. "सर, हे आमच्या शेतासारखं झालं. सगळं गाव म्हणतं वावर आमचं. पण चुलता म्हणतो, फेरफार दाखवा."

मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. त्यानं जे सांगितलं ते एखाद्या महसूल अधिकाऱ्यानं इतकं नीट सांगितलं नसतं. सातबाऱ्यावर नाव असतं, पण ते नाव तिथे कसं चढलं, खरेदीनं, वारसानं की वाटणीनं, हे फेरफाराच्या नोंदीत असतं. गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर नावापाशी फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो, तो घ्यायचा आणि मागे जायचं. शंभर माणसं शपथेवर बोलली तरी नोंद ती नोंद.

त्या दिवसापासून वर्गात तोच शब्द रुळला. कुणी काही ठासून सांगितलं की मागून आवाज यायचा, "फेरफार कुठाय?" मी 'स्रोत', 'प्राथमिक संदर्भ', 'विश्वासार्हता' हे शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. एकाही मुलाच्या तोंडी ते बसलेले पाहिले नाहीत.

तिसऱ्या तासाला प्रश्न उलटा केला. एखादी गोष्ट 'राष्ट्रीय' म्हणून खरोखर ठरते तेव्हा तिचा फेरफार कसा दिसतो? चार गटांना चार गोष्टी वाटून दिल्या. तिरंग्याच्या गटाला तारीख मिळाली : २२ जुलै १९४७, संविधान सभेचा ठराव. दिनदर्शिकेच्या गटाला २२ मार्च १९५७, म्हणजे शके १८७९ चा १ चैत्र, त्या दिवसापासून शक पंचांग सरकारी वापरात आलं. रुपयाचं चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळानं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. मुलांना याचं फार अप्रूप वाटलं, कारण त्यांना वाटायचं ते चिन्ह शिवाजी महाराजांच्या काळापासून आहे.

राष्ट्रगीताचा गट अडखळला. २४ जानेवारी १९५० ही तारीख सापडली, पण 'ठराव' सापडेना. शोधल्यावर कळलं की त्या दिवशी संविधान सभेत मतदान होऊन ठराव झालाच नव्हता. अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी निवेदन केलं आणि तेच प्रमाण ठरलं. ते निवेदन सभेच्या कामकाजाच्या वृत्तांतात शब्दशः छापलेलं आहे. एक मुलगी यावर फार नेमकं बोलली : "म्हणजे ठरावच पाहिजे असं नाही. पण कुणी तरी, कधी तरी, कुठे तरी बोललेलं लिहिलेलं पाहिजे." मी तिचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मग हॉकीच्या चौकोनात तेच तीन रकाने : कुणी, कधी, कुठे. तिन्ही रिकामे.

रिकामा रकाना हा मुलांना पुरावा वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याला सापडलं नाही म्हणजे ते नाही, असं थोडंच असतं? आमच्या तीन संगणकांवर तर काहीच सापडत नाही. इथे शोधायचं कसं हे शिकवावं लागलं. मुलं टाईप करत होती, 'हॉकी राष्ट्रीय खेळ कधी जाहीर झाला'. प्रश्नातच उत्तर पेरलेलं. असं विचारलं की यंत्रही तुमच्याच हो ला हो मिळवतं. मी म्हणालो, आता असं समजा की तुम्ही फलकावरच्या वाक्याच्या विरुद्ध पक्षाचे वकील आहात, काय टाईप कराल? 'राष्ट्रीय खेळ माहिती अधिकार', 'राष्ट्रीय खेळ मागणी', 'राष्ट्रीय खेळ सर्वोच्च न्यायालय' असे शब्द आले. आणि चित्र पालटलं.

पहिली सापडली ती २०१८ ची बातमी. ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनाईक यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून अधिसूचित करण्याची विनंती केली होती. त्या वर्षीचा पुरुष हॉकी विश्वचषक भुवनेश्वरला व्हायचा होता. बातमी वाचून वर्ग दोन मिनिटं गप्प. मग फलक लिहिणारी मुलगीच म्हणाली, "आधीच राष्ट्रीय खेळ असता तर मागितलं कशाला असतं?" माझ्या मते या सहा आठवड्यांतला सर्वांत मोलाचा क्षण तो. त्या बातमीत 'हॉकी राष्ट्रीय खेळ नाही' असं थेट वाक्य असो वा नसो, मुलीनं ते बातमीतून काढलं. रीलवाल्या मुलाला तयार वाक्य मिळालं होतं. हिला मिळवावं लागलं.

मग बाकीचं भराभर आलं. २०१२ मध्ये लखनौच्या दहा वर्षांच्या एका शाळकरी मुलीनं माहिती अधिकारात अर्ज करून राष्ट्रीय प्रतीकांच्या आदेशांच्या प्रती मागितल्या, तेव्हा क्रीडा मंत्रालयानं कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. २०२० मध्ये आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच, वर कारणही : सर्वच लोकप्रिय खेळांना उत्तेजन द्यायचं सरकारचं धोरण आहे. २०२१ मध्ये हॉकीला राष्ट्रीय खेळ जाहीर करा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, ती न्यायालयानं ऐकायला नकार दिला.

लखनौच्या मुलीच्या बातमीत एक गोम होती. ती अर्ज करत होती तेव्हा भारत सरकारच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरच हॉकीचा उल्लेख राष्ट्रीय खेळ असा होता. मुलं चक्रावली. मी स्वतःच त्यांना शिकवत आलो होतो की पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असेल तर डोळे झाकून घ्या. आता काय? बरीच वादावादी झाली. शेवटी फेरफारवाल्या मुलानं निकाल दिला : तलाठ्याच्या भिंतीवरचा बोर्ड आणि तलाठ्याचं रजिस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्ड पेंटरनं रंगवलेला असतो. मी माझा नियम मागे घेतला.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार, हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. तपासनीस त्या पानावर थांबलेच नाहीत. लगेच दुसऱ्या खिडक्या उघडून त्या पानाबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायला लागले, आणि तेच लवकर व अचूक निष्कर्षाला पोचले. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही पानाच्या देखणेपणात, बोधचिन्हात, पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांत अडकले. हे मी पूर्वी वाचलं होतं. वाचूनही 'गव्ह डॉट इन'चा नियम शिकवत होतो, हे इथे कबूल केलेलं बरं.

आता या प्रकरणाची वाईट बाजू. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वर्गाला संशयाचा ताप चढला. वाघ राष्ट्रीय प्राणी नाही. मोर नाही. १९८३ चा विश्वचषक आपण जिंकलाच नव्हता, 'व्हिडिओ काय, बनवता येतो'. इतिहासाच्या बाईंनी येऊन तक्रार केली की पोरं प्रत्येक सनावळीला 'फेरफार?' असं ओरडतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. कशावरच विश्वास न ठेवणं मुलांना भलतंच सोपं आणि रुबाबदार वाटू लागलं. मला ते भोळेपणाइतकंच घातक वाटतं. किंबहुना जास्त, कारण भोळं पोर निदान वाचतं तरी.

म्हणून एक तास फक्त खऱ्या निघणाऱ्या गोष्टींसाठी ठेवला. अट अशी : 'फेरफार कुठाय' असं जो विचारेल, त्यानंच तो शोधून आणायचा. १९८३ वाल्याला मी तेव्हाचा वर्तमानपत्रातला धावफलक शोधायला लावला. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०. वाघवाला गट मात्र खूश होऊन आला, कारण त्यांना एक भानगड सापडली होती : वाघाच्या आधी तो मान सिंहाकडे होता. या अटीनंतर प्रश्न निम्म्यावर आले, पण जे आले ते जागचे होते.

मोठ्या माणसांचं काय झालं तेही सांगतो. आमचे क्रीडा शिक्षक दुखावले. त्यांचं म्हणणं, १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णपदकं, पुढे १९६४ आणि १९८० ची धरून आठ, आणि तुम्ही पोरांना काय शिकवता, तर हॉकी राष्ट्रीय खेळ नाही? मी त्यांना वर्गातच बोलावलं. त्यांनी ध्यानचंदांबद्दल, खडकीच्या गल्लीतून चार ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या धनराज पिल्लेबद्दल पाऊण तास सांगितलं. तोपर्यंत वर्गाला हॉकीबद्दल फक्त एवढंच माहीत होतं की तो राष्ट्रीय खेळ आहे किंवा नाही. चुकीचं वाक्य इतकी वर्षं का टिकलं याचं उत्तर मुलांना त्या पाऊण तासात मिळालं. त्या पदकांकडे पाहून कुणालाही वाटावं की हे कधी तरी जाहीर झालंच असणार.

पालकांचा प्रश्न जास्त अवघड होता. फलकवाल्या मुलीची आई आली. शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं पटतं. पण परीक्षेत पर्याय आले आणि हिनं हॉकीवर खूण केली नाही, तर गुण जाणार हिचा." मी म्हणालो, प्रश्न नीट असेल तर असा येणारच नाही. त्या म्हणाल्या, "आणि आला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीनं स्वतः तोडगा काढला. खूण हॉकीवर करीन आणि घरी येऊन परीक्षा मंडळाला पत्र लिहीन. मला हा तोडगा आवडलेला नाही. एका डोक्यात दोन उत्तरं, एक परीक्षेचं आणि एक खरं, ही सवय आपण पोरांना फार लवकर लावतो. पण गुण तिचे आहेत, माझे नाहीत.

फलक शेवटी तिनंच बदलला. ऑक्टोबरात, वाचन प्रेरणा दिनाच्या आदल्या दिवशी. 'हॉकीत भारतानं आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आहेत. अनेक लोक तिला राष्ट्रीय खेळ म्हणतात, पण भारत सरकारनं कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही (क्रीडा मंत्रालयाचं माहिती अधिकारातलं उत्तर, २०१२ आणि २०२०).' वाक्य लांबलं, स्टिक-चेंडूला जागा उरली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, जरा रुक्ष झालं.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण त्याच गाईडात पुढच्या पानावर 'महाराष्ट्राचा राज्य खेळ : कबड्डी' असं छापलेलं होतं आणि ते रीलवाल्या मुलाच्या नजरेस पडलं. या वेळी तो माझ्याकडे आला नाही, थेट वर्गात उभा राहिला. राज्याची काही प्रतीकं मुलांनी पडताळली होती. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन २०१५ मध्ये ठरलं, 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत म्हणून १९ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालं. कबड्डीचा शासन निर्णय मात्र त्यांना हाती लागेना. मग ठरलं, लखनौच्या मुलीनं केलं ते आपण करायचं.

अर्जाचा पहिला मसुदा होता : 'कबड्डी हा महाराष्ट्राचा राज्य खेळ आहे का, आणि नसेल तर का नाही?' मी समजावलं की माहिती अधिकारात मत किंवा कारण मागत नाहीत, कागद मागतात. दुसरा मसुदा नीट उतरला : 'कोणताही खेळ राज्य खेळ म्हणून घोषित करणारा शासन निर्णय असल्यास त्याचा क्रमांक, दिनांक व प्रत मिळावी. असा निर्णय अभिलेखात नसल्यास तसं कळवावं.' शेवटचं वाक्य फलकवाल्या मुलीचं. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, हा पन्नासाच्या आतच संपला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मी आणला, पण पैसे त्यांनी वर्गणी काढून दिले. अर्जाखाली सही फेरफारवाल्याची, कारण त्याला वाटत होतं की सरकारी कचेरीशी कसं बोलायचं हे वर्गात त्यालाच कळतं. कायद्याला हवा नागरिक, वयाची अट त्यात नाही.

पोच आलेली आहे. कायद्यानं तीस दिवस. वर्गाच्या कोपऱ्यात फळ्यावर रोज एक आकडा पुसून दुसरा लिहिला जातो. आज तिथे सव्वीस आहे, आणि मधल्या सुट्टीत पोस्टमनची सायकल दिसली की आठवी 'ब' डबा टाकून फाटकाकडे पळते.